चक्रजाचा शंकरपट

लग्न होऊन मी अकोल्यात आले तेव्हा आमच्या दोन खोल्यांत एक पलंग, एक स्टोव्ह, यांची सायकल आणि गणिताची पुस्तकं एवढाच संसार होता. हे शाळेत गणित शिकवायचे. वर्गात म्हणे यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा, पण घरात माझ्याशी बोलताना हे खिडकीकडे बघायचे. "मीठ आहे का?" हेसुद्धा खिडकीला विचारायचे. चांदूर बाजारजवळच्या आमच्या घरात सगळे मोठ्यानं बोलणारे. या घरातल्या शांततेत मला माझ्या बांगड्यांचाच आवाज फार वाटायचा. म्हणून भाकरी थापतानासुद्धा मी हात जपून हलवायची.

माझ्या बाबांना हे लग्न पसंत नव्हतं. स्थळ मामानं आणलं आणि आईनं ते धरून ठेवलं. बाबांना शेतकरी जावई हवा होता. काळी जमीन, चांगली बैलजोडी आणि शंकरपटाला सोबत येणारा माणूस, एवढी त्यांची अपेक्षा. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत. दिवस उजाडल्यापासून बाबा बैलांबद्दल बोलायचे, आणि यांना बैलाच्या जवळ जायचीसुद्धा भीती वाटायची. पहिल्या दिवाळीला आम्ही गावी गेलो तेव्हा जेवताना बाबांनी यांना विचारलं, "मास्तर, तुमच्या गणितानं कापूस पिकते का?"

दुसरा कोणी असता तर हसून वेळ मारून नेली असती. यांनी घास हातातच ठेवला, खरोखर विचार केला आणि म्हणाले, "नाही."

त्यानंतर बाबा यांच्याशी बोललेच नाहीत. आम्ही निघालो तेव्हा ते गोठ्यात होते.

थंडी सुरू झाली आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाचे वारे वाहू लागले. एके संध्याकाळी हे पुठ्ठ्यांचा भलामोठा भारा सायकलला बांधून घरी आले आणि पाणीसुद्धा न घेता बसून राहिले. मी विचारलं तेव्हा हळूहळू कळलं. संमेलनात दरवर्षी प्रदर्शन असायचं. विज्ञानाचे मास्तर लिंबांवर दिवा लावून दाखवायचे, चित्रकलेच्या मास्तरांची चित्रं असायची, आणि गणिताचे नुसते तक्ते भिंतीवर लटकायचे. ते कोणी वाचत नसे. यंदा हेडमास्तर म्हणाले होते, "गणिताचं काहीतरी हलतं-फिरतं दाखवा ना हो!" आणि हे 'हो' म्हणून आले होते.

"मंग काय दाखवता?" मी विचारलं.

यांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, "तुझी एक पाटली देतेस?"

लग्नानंतर यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू. मी पाटली काढून दिली. यांनी तिच्या कडेला दोऱ्यानं पेन्सिलीचा तुकडा बांधला, माझा पोळपाट भिंतीला टेकवून उभा केला, त्यावर कागद लावला आणि पाटली खालच्या पट्टीवरून घरंगळत न्यायला लागले. एकट्यानं जमेना. पाटली निसटायची नाहीतर पेन्सिल वाकडी व्हायची. शेवटी मी पाटली धरली आणि यांनी पेन्सिल. दोघांचे हात एकमेकांत अडकत, थांबत, पुन्हा सुरू होत पाटली पुढे गेली आणि कागदावर एक कमान उमटली. मग दुसरी. बैलगाडीवर टप घालतात, तसल्या कमानी.

"सायकलच्या चाकाला चिखल लागला आणि चाक पुढे चाललं, तर तो चिखलाचा ठिपका असा जातो," हे म्हणाले. "याला इंग्रजीत सायक्लॉइड म्हणतात. आपल्याकडे चक्रज."

मग यांनी पोळपाटच उलटा केला. कमानीची पन्हाळ झाली.

"आता हा रस्ता समज. वरच्या टोकापासून खालच्या तळापर्यंत एक गोटी या वक्रावरून सोडली, आणि तिथूनच, त्याच तळापर्यंत दुसरी गोटी एकदम सरळ उतारावरून सोडली. कोणती आधी पोचेल?"

"सरळवाली. तिचा रस्ता कमी हाय."

"नाही. वाकडीवाली."

"काहीबी सांगता! लांबून जानारी आधी कशी पोचन?"

आवाज माझ्याही नकळत माहेरासारखा चढला होता. मी जीभ चावली. पण हे हसले, आणि हसताना खिडकीकडे नाही, माझ्याकडे बघत होते. "तेच तर दाखवायचं हाय," म्हणाले. हे अमरावती शहरात वाढलेले, शिकवताना अगदी पुस्तकी बोलायचे. खुश झाले की मात्र वऱ्हाडीवर यायचे, हे मला त्या दिवशी कळलं.

पाटलीची कमान प्रदर्शनाला पुरणार नव्हती, मोठी हवी होती. रविवारी सकाळी यांनी सायकलचं पुढचं चाक काढलं, कडेला कोळशाची लांब कांडी बांधली आणि बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर किराणा दुकानाचे खाकी कागद खळीनं जोडून लावले. मी चाक दोन्ही हातांनी उभं धरून भिंतीच्या कडेकडेनं हळूहळू लोटत नेलं, आणि हे कोळशाची कांडी कागदाला टेकवत गुडघ्यांवर पुढे सरकले. वक्र सुरेख चढला. चढून चढून कागदाच्या वर निघाला, आणि कळायच्या आत घरमालकीणबाईंनी दसऱ्याला चुना मारून घेतलेल्या भिंतीवर काळीकुट्ट कमान उमटली.

नेमक्या त्याच वेळी मालकीणबाई ताक घेऊन आल्या. एकट्याच राहायच्या, एक शेळी पाळायच्या, आणि त्यांचा आवाज आमच्या बाबांच्या तोडीचा होता.

"काय करून राह्यले व तुमी?"

"गणित," हे गुडघ्यांवरूनच म्हणाले.

"भितीवर?"

"कागद कमी पडला."

बाई भिंतीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता खोली सोडावी लागणार. पण त्या ताकाचं भांडं खाली ठेवत म्हणाल्या, "गोल तं मस्तच काढला. चुना मात्र मास्तरनंच मारून द्याचा." यांनी ते कबूल केलं आणि पुढं खरंच मारूनही दिला. त्याचे थेंब यांच्या चष्म्यावर कितीतरी दिवस होते.

मोठी कमान मिळाली. आता रस्ता बनवायचा. यांनी पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या, मी ज्वारीच्या पिठाची घट्ट खळ शिजवली, आणि पट्टीवर पट्टी चिकटवून आम्ही लांब नळीसारखी पन्हाळ तयार केली. ती अंगणात उन्हात वाळत ठेवून मी वरण चढवायला आत आले. बाहेर आले तेव्हा मालकीणबाईंची शेळी अर्धा रस्ता खाऊन उरलेल्या अर्ध्याचा वास घेत होती. ज्वारीची खळ तिला आवडली असणार. मी ओरडले. हे धावत बाहेर आले, शेळीकडे बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "चक्रजाला सगळ्यात लवकर खाली नेणारा रस्ता म्हणतात. हा तर स्वतःच लवकर खाली गेला."

मला आधी रडूच येणार होतं. पण यांचा चेहरा बघून जे हसू फुटलं ते थांबेना. हेही हसायला लागले, चष्मा काढून डोळे पुसायला लागले. मालकीणबाई शेळीला ओढत नेताना आम्हालाच वेड्यात काढत होत्या. त्या दिवशी वरण करपलं आणि आम्ही ते तसंच खाल्लं. घरातला अबोला त्या दिवसापासून संपला.

पुठ्ठा आता नको, असं मी म्हटलं. लहानपणी भावांसोबत मी पतंग बनवायची, त्यामुळे बांबूच्या कांब्या वाकवायची मला सवय होती. सूप-टोपल्या विणणाऱ्यांकडून हे लांब, पातळ कांब्या घेऊन आले. स्टोव्हच्या आचेवर धरून, तेलाचा हात फिरवून मी त्या हळूहळू वाकवल्या. यांनी खोक्याच्या फळ्या जोडून मोठा उभा पाट केला, त्यावर वक्र उतरवला आणि त्या रेषेवर खिळे ठोकले. ठोकताना स्वतःचा अंगठाही ठोकून घेतला. खिळ्यांवर दोन कांब्या शेजारी शेजारी, गोटी मधे बसेल इतकं अंतर ठेवून सुतानं बांधायच्या. वाकडा रस्ता पुढे, आणि त्याच्यामागे वीतभर अंतरावर सरळ रस्ता. दोन्हींच्या शेवटी एकेक वाटी टांगली. वाकड्या रस्त्याला पितळेची, सरळ रस्त्याला जर्मनची; ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात. न बघताही कोण पोचलं ते आवाजावरून कळावं, म्हणून.

पहिल्यांदा सोडलेली गोटी बांबूच्या पेरावरच अडून बसली. मी काचेच्या तुकड्यानं सगळी पेरं तासून गुळगुळीत केली. पुढची गोटी जी सुटली ती रस्ता सोडून थेट पिठाच्या डब्यात. मग एकदाच्या दोन्ही गोट्या नीट गेल्या, आणि आधी वाजली ती जर्मनची वाटी.

यांनी चष्मा पुसला. पुन्हा सोडल्या, पुन्हा जर्मनच.

"गणित चुकलं का?" मी हळूच विचारलं.

"गणित नाही चुकत. आपलं काहीतरी चुकलं."

यांनी पुस्तक उघडलं आणि मी पाटाशी बसले. गोटी बोटानं हळूहळू ढकलत नेली तर मधल्या एका जोडापाशी ती किंचित वर चढत होती. तिथं सुताच्या गाठीचा उंचवटा होता. यांनाही दरम्यान मापं पडताळताना सापडलं होतं की एक खिळा रेषेच्या बाहेर बसलाय. गाठ मी खालून मारली, खिळा यांनी उपटून पुन्हा ठोकला. मग दोघांनी मिळून गोट्या सोडल्या.

टण्! पितळ. आणि त्यामागून जर्मनचा बसका आवाज.

मी टाळ्याच पिटल्या. पुन्हा सोडल्या, पुन्हा पितळ. मालकीणबाई धावत आल्या. त्यांनी स्वतः गोट्या सोडून बघितल्या आणि "बापा!" म्हणून त्या खालीच बसल्या. नंतर त्यांनी शेजारच्या दोन बायका बोलावून आणल्या. यांनी आणखी एक गंमत दाखवली. सरळ रस्ता बाजूलाच ठेवला आणि दोन्ही गोट्या वाकड्या रस्त्यावरच धरल्या, एक अगदी वरून, दुसरी तळाच्या थोडीशीच अलीकडे. एकदम सोडल्या तर वरची खालचीला बरोबर तळाशी गाठायची. खालची कुठूनही सोडा, दोघींची भेट तिथंच. मला ती गंमत शर्यतीपेक्षाही आवडली. अजूनही आवडते.

प्रदर्शनाच्या दिवशी हे मलाही शाळेत घेऊन गेले. सूत तुटलं तर बांधायला कोणीतरी हवंच होतं. मी पाटाच्या मागे कात्री आणि सूत घेऊन बसले. यांनी फळ्यावर समीकरणं लिहिली आणि समजावून सांगायला सुरुवात केली. लोक यायचे, फळ्याकडे बघायचे आणि लिंबाच्या दिव्याकडे वळायचे. कितीतरी वेळ गोटी सोडायची पाळीच आली नाही. यांचा आवाज हळूहळू घरातल्यासारखा बारीक होत गेला. मला ते बघवेना. मी पदर खोचला आणि पुढे येऊन उभी राहिले.

"या हो या! दोन गोट्या, दोन रस्ते! सरळवाली का वाकडीवाली, कोनती जिंकन? आधी बोला अन् मंग पाहा!"

शंकरपटात जोडी सुटताना बाबा जसे पुकारायचे तसंच माझ्या तोंडून निघालं. लहान होते तोवर बाबा मला पटाला न्यायचे. दोन बायका थांबल्या, मग पोरींचा घोळका आला, मग त्यांचे बाप. सगळे छातीठोकपणे 'सरळ' म्हणत होते. मी "सुटली!" ओरडायची, पितळ वाजायचं आणि वर्ग दणाणून जायचा. लोक परत परत "अजून एकदा" म्हणायचे. आणि आता त्यांनाच विचारायचं असायचं, "पण काहून?" ते सांगायला हे होतेच, आणि आता यांचं सगळे ऐकत होते.

अशात दाराशी माझे बाबा दिसले.

कापसाच्या कामानं ते अकोल्याला आले होते. आईनं पापड-कुरड्यांची पिशवी दिली होती म्हणून नाइलाजानं घरी गेले. घराला कुलूप. मालकीणबाईंनी त्यांना सांगितलं, "तुमची पोरगी शाळेत गोट्या खेळून राह्यली." हे ऐकून ते जे निघाले ते पिशवीसकट इथं आले. आणि इथं त्यांना दिसलं काय, तर भरल्या वर्गात पदर खोचून ओरडणारी त्यांची लेक.

"हे काय लावलं व?" त्यांचा आवाज चढला. सगळा वर्ग वळून बघायला लागला.

मी काही बोलायच्या आत हे पुढे आले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "मामाजी, तुमीच सांगा. कोनती जिंकन?"

बाबांनी पाटाकडे बघितलं. शर्यत दिसली की त्यांना राहवत नसे, ते दिसतच होतं. त्यांनी दोन्ही रस्ते खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "सरळवाली," म्हणाले. "यात इचारासारखं काय हाय?"

गोट्या सुटल्या. पितळ वाजलं.

"गोटीत फरक हाय," बाबा म्हणाले.

यांनी गोट्या अदलाबदल केल्या. पुन्हा पितळ.

"वाकड्या रस्त्याले तेल लावलं हाय."

यांनी सरळ रस्त्यालाही तेलाचा हात फिरवला. पुन्हा पितळ. मागून कोणीतरी हसलं. बाबांनी पिशवी बाकावर ठेवली आणि तडक वर्गाबाहेर निघून गेले. यांचा चेहरा पडला. दिवाळीत ते गोठ्यात जाऊन बसले होते तसेच आताही रागावून गेले, असंच दोघांना वाटलं. मी पुकारणं सोडून पाटामागे जाऊन बसले.

थोड्या वेळानं गर्दी बाजूला सारत बाबा परत आले. बाजारातून त्यांनी स्वतः निवडून मूठभर नव्या गोट्या आणल्या होत्या. धोतर सावरून ते पाटासमोर चक्क जमिनीवर बसले आणि म्हणाले, "मास्तर, तुमी हात लावू नका. मी सोडतो."

त्यांनी सोडल्या. एकदा सोडल्या, डोळा वाटीच्या पातळीला आणून पुन्हा सोडल्या, गोट्या बदलून सोडल्या. दर वेळी पितळ. शेवटी त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि यांच्याकडे वर बघत विचारलं, "आता सांगा. काहून?"

हे त्यांच्या शेजारी मांडी घालून बसले. फळ्याकडे गेलेच नाहीत. वाकड्या रस्त्याच्या वरच्या टोकाला बोट ठेवून म्हणाले, "इथं पाहा मामाजी. इथं उतार खडा हाय. गोटीले सुरुवातीलेच जोर भेटते. मंग रस्ता लांब पडला तरी त्या जोरावर ती निंगून जाते. सरळवालीले जोर हळूहळू भेटते. तिचा जोर वाढेपर्यंत वाकडीवाली पुढे गेली."

बाबा कितीतरी वेळ बोट फिरवत राहिले. "म्हंजे माझी जोडी पहिल्या झटक्यातच अर्धा पट मारते, तसं," ते म्हणाले.

"तसंच. फक्त तुमच्या पटात उतार नसते, बैल असते."

बाबा इतक्या मोठ्यानं हसले की लिंबाच्या दिव्यापाशी उभे असलेले लोकही इकडे आले. मग यांनी दोन गोट्या एकाच वाकड्या रस्त्यावर वेगवेगळ्या जागी धरून सोडल्या, त्या तळाशी एकदम आदळल्या आणि बाबांनी मांडीवर थाप मारली. "बराबरी! बराबरी सुटली!" त्यानंतर संध्याकाळपर्यंत पुकारायचं काम माझ्याकडे राहिलंच नाही. हेडमास्तर आले तेव्हा बाबांनी त्यांनाही 'सरळवाली' म्हणायला लावलं आणि हरवलं.

त्या रात्री बाबा आमच्याकडे राहिले. जेवताना दोघं बोलत होते. बैलाच्या पावलाची लांबी, चाकाचा घेर, चाकावरच्या लोखंडी धावेची झीज, काय काय चाललं होतं. मी वाढत होते आणि माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, याचं मला फार सुख वाटलं. पाट हेडमास्तरांनी शाळेतच ठेवून घेतला. हे कळल्यावर बाबांचा चेहरा असा झाला की यांनी आपणहून म्हटलं, "मामाजी, तुमच्यासाठी एक लहान बनवू का?" बाबा गावी जायचे थांबले. आम्ही तिघांनी मिळून तो बनवला. कांब्या मी वाकवल्या, खिळे बाबांनी ठोकले, आणि हे रेषेवर बोट ठेवून "इथं, मामाजी, इथं" करत राहिले. शेळीला मालकीणबाईंनी बांधून ठेवलं होतं.

बाबांना एस.टी.वर पोचवायला आम्ही दोघं गेलो. कंडक्टर म्हणाला, हा पाट वर टपावर टाका. बाबा म्हणाले, "टपावर तू बस, हा माझ्या मांडीवर येईन." आणि अमरावतीपर्यंत ते पाट मांडीवर घेऊन बसले. पुढचं आम्हाला आईकडून कळलं. चांदूर बाजारची गाडी लागायला वेळ होता, म्हणून बाबांनी अमरावतीच्या स्टँडवर एका बाकावर पाट उभा केला. बघता बघता ड्रायव्हर, कंडक्टर, हमाल, संत्रीवाल्या बाया असे सगळे गोळा झाले. ज्याला त्याला सरळवाली जिंकणार याची खात्री. बाबा जो येईल त्याला सांगत होते, "माहा जवाई गणिताचा मास्तर हाय, त्यानं बनवला." चांदूर बाजारची गाडी लागली, भरली आणि निघूनही गेली. बाबा तेव्हा कोणालातरी गोट्या बदलून दाखवत होते.

घरी पोचायला त्यांना संध्याकाळ झाली. आई काळजीनं दारात उभी होती. "गाडी चुकली का?" तिनं विचारलं.

"चुकली नाइ," बाबा म्हणाले, "जाऊ देली," आणि पाट ओट्यावर उभा करून तिला म्हणाले, "बस इथं. सांग, कोनती जिंकन?"